किड्या-कोळ्यांचे पाय वाचायला शिका: आधी सांधे मोजा

नाकतोड्याची लांब तंगडी, मधमाशीच्या पायावरचा पिवळा गोळा, खंडोबाच्या किड्याचे जोडलेले 'हात', शेणातल्या भुंग्याची दातेरी नडगी. चारही अवयव एकाच साच्यातून निघालेत यावर चटकन विश्वास बसत नाही. पण कीटकाच्या पायाचे भाग ठरलेले असतात. कामाप्रमाणे त्यातला एखादा लांबतो, एखादा रुंदावतो, एखाद्यावर केस नाहीतर काटे येतात. नवशिका पाय बघताच 'हा कशासाठी असेल?' असं विचारतो आणि तिथेच फसतो. आधी विचारायचं, 'यातला कोणता भाग बदललाय?' त्यासाठी सांधे मोजता यायला हवेत.

सामान आणि नमुने

१० पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, दोन बारीक टोकांचे चिमटे, काडीत खोचलेल्या दोन सुया, पांढरा आणि काळा कागद, मिलिमीटरचा आलेखकागद आणि ७० टक्के अल्कोहोलची झाकणबंद बाटली, एवढ्यावर सुरुवात होते. केस आणि नख्या नीट बघायच्या तर सूक्ष्मदर्शक लागतो. कॉलेजातला नसेल तर स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक मनू प्रकाश यांच्या गटाने बनवलेला कागदी फोल्डस्कोप चालतो. तो सुमारे १४० पट मोठं दाखवतो, पण त्याखाली झुरळाचा अख्खा पाय मावत नाही, हे लक्षात ठेवून घ्या.

भिंग डोळ्याला भिडवायचं आणि वस्तू भिंगाकडे आणायची. १० पटीच्या भिंगाला साधारण अडीच सेंटिमीटर अंतर लागतं. बहुतेक जण भिंग वस्तूजवळ धरून डोळा लांब ठेवतात आणि 'काही दिसत नाही' म्हणून सोडून देतात. उजेड वरून नको, बाजूने हवा. मोबाइलची बॅटरी तिरपी धरली की काट्यांच्या सावल्या पडतात आणि काटे मोजता येतात. काळ्या पायामागे पांढरा कागद, पांढऱ्या केसांमागे काळा.

नमुन्यांसाठी जीव घ्यायची फारशी गरज पडत नाही. खिडकीच्या चौकटीत, ट्यूबलाइटच्या पट्टीत, ओट्यामागे मेलेले किडे हवे तेवढे मिळतात. आग्या मधमाश्या रात्री दिव्यावर येतात, सकाळी खांबाखाली मेलेल्या सापडतात. त्या चिमट्यानेच उचला, कारण मेलेल्या माशीचा काटाही बोटात रुततो. अभयारण्यातून वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही. बाहेरही काही फुलपाखरांना आणि भुंग्यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे सुरुवात घरातल्या किड्यांपासून केलेली बरी.

वाळलेला किडा तसाच हाताळला तर पाय काडीसारखा मोडतो. डब्यात ओला टिश्यू पेपर ठेवा, बुरशी धरू नये म्हणून त्यावर दोन-तीन थेंब व्हिनेगर टाका, बाटलीच्या बुचावर किडा ठेवून झाकण लावा. २४ ते ४८ तासांत सांधे मऊ होतात. त्याहून जास्त ठेवला तर कुजतो.

पहिला पाय झुरळाचा

झुरळाचा पाय धावण्यासाठी आहे आणि त्यात फार टोकाचे बदल नाहीत, म्हणून तो मोजपट्टी म्हणून वापरायचा. धडाकडून मोजत या. पहिला भाग कॉक्सा, म्हणजे खुबा. झुरळात तो मोठा, चपटा आणि पोटाला टेकलेला असतो. मग ट्रोकँटर, एवढंसं जोडकं. मग फीमर, म्हणजे मांडी. मग टिबिया, म्हणजे नडगी, लांब काट्यांनी भरलेली. मग टार्सस, म्हणजे पाऊल. त्याचे झुरळात पाच तुकडे असतात आणि ते पाच मिळून एकच भाग मोजायचा. शेवटी प्रीटार्सस, म्हणजे टोकाच्या दोन नख्या आणि मधली गादी. झाले सहा.

बहुतेकांचे पाचच भरतात. एक तर ट्रोकँटर नजरेतून निसटतो. दुसरं कारण पाय काढण्याच्या पद्धतीत आहे. चिमट्याने मांडी धरून ओढलं की पाय कमकुवत जागी तुटतो आणि कॉक्सा धडालाच राहतो. मग वहीत अर्धवट पायाची सुबक आकृती उतरते. पाय ओढू नका. कॉक्साच्या बुडाभोवती सुईचं टोक फिरवून पातळ पडदा कापा आणि कॉक्साला धरून पाय उचला.

ट्रोकँटर क्षुल्लक समजू नका. इस्सस नावाच्या युरोपातल्या तुडतुड्यासारख्या कीटकाच्या पिल्लांत दोन्ही मागच्या पायांच्या ट्रोकँटरवर चक्क दातेरी चाकं असतात. ती एकमेकांत अडकतात, म्हणून उडी मारताना दोन्ही पाय एकाच क्षणी सुटतात. माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन या संशोधकांनी २०१३ मध्ये हे दाखवून दिलं. शेवटची कात टाकली की ही चाकं जातात.

मांडी फुगली, खुबा लांबला

आता नाकतोडा घ्या. मागची मांडी बुडाशी जाड, गुडघ्याकडे निमुळती, आणि बाहेरून माशाच्या काट्यासारखी तिरपी नक्षी. आतले स्नायू तिरपे बांधलेले असतात, ती नक्षी त्यांच्या बांधणीची. गुडघा तिरप्या उजेडात बघा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना चंद्रकोरीसारखे गडद कडक तुकडे दिसतात. उडीआधी नडगी मांडीत दुमडलेली असते, स्नायू सावकाश आकसतात आणि ताकद या लवचिक तुकड्यांत व कंडऱ्यांत साठते. ती एकदम सुटते, गलोलीसारखी. नुसत्या स्नायूला एवढा वेग जमत नाही.

ओळख पटवायला मात्र मांडीपेक्षा पावलाचे तुकडे कामाचे. आखूड मिशांच्या नाकतोड्यात ३, लांब मिशांच्या हिरव्या नाकतोड्यात ४, रातकिड्यात पुन्हा ३. रातकिडा हाताशी असेल तर पुढच्या नडगीवर गुडघ्याच्या किंचित खाली फिकट लंबगोल डाग शोधा. तो त्याचा कान. आखूड मिशांच्या नाकतोड्याचा कान पायावर नसतो, पोटाच्या पहिल्या खंडावर असतो. तेव्हा त्याच्या नडगीवर डाग सापडला नाही म्हणून हिरमुसू नका.

खंडोबाच्या किड्यात, म्हणजे मँटिसमध्ये, नेमकी उलटी गंमत आहे. जोडलेल्या हातांचा धडाकडचा लांब भाग सगळे मांडी समजतात. तो कॉक्सा आहे. कॉक्सा लांबल्यामुळे हाताची पोहोच वाढली. त्यापुढचा जाड काटेरी भाग मांडी, तिच्या खालच्या बाजूला खोबण आणि दोन्ही कडांना काटे. नडगी आखूड, टोकाला बाकदार आकडी, चाकू मिटावा तशी खोबणीत बसते. मग पाऊल कुठे गेलं? आकडीच्या थोडं अलीकडे नडगीतून फुटलेला दोऱ्यासारखा भाग दिसेल, त्याचे पाच तुकडे मोजा. किडा चालताना ते टेकवतो, शिकार धरताना बाजूला घेतो. साठवणीत हाच भाग आधी गळतो, म्हणून पेटीतले निम्मे मँटिस बिनपावलांचे असतात.

तळ्यातल्या पाणविंचवाचे पुढचे पाय असेच मिटतात, पण तो ढेकणाच्या गटातला. नातं लांबचं, काम एक, म्हणून घडण सारखी.

मधमाशीचा पाय: इथे अर्धा तास द्या

सातेरी, आग्या, फुलोरी, कुठलीही कामकरी माशी चालेल. मागचा पाय अख्खा काढा, बाहेरची बाजू वर करून काळ्या कागदावर ठेवा. कोणती बाजू वर आहे हे कागदावर लिहा, कारण दोन्ही बाजूंची कामं वेगळी आहेत.

बाहेरून नडगी बघा. खाली रुंद होत गेलेली, मध्ये गुळगुळीत आणि किंचित खोलगट, कडांना आत वळलेले लांब केस. ही परागटोपली. तिच्या पृष्ठभागातून एकच लांब केस उभा असतो, गोळा त्याच्याभोवती घट्ट बसतो. आता पाय उलटा करा. नडगीच्या खालचा रुंद चौकोनी तुकडा म्हणजे पावलाचा पहिला तुकडा. नवखे त्यालाच नडगी म्हणतात आणि पुढचं सगळं चुकतं. त्याच्या आतल्या बाजूला ताठ केसांच्या ९-१० आडव्या रांगा आहेत. अंगावरचे पराग शेवटी या ब्रशांत जमतात.

आता दोन्हींमधला सांधा. नडगीच्या खालच्या कडेला जाड केसांची फणी, समोर पावलाच्या तुकड्यावर बाहेर झुकलेला लहान ओटा. माशी उडताना मागचे पाय एकमेकांवर घासते, तेव्हा एका पायाची फणी दुसऱ्या पायाचा ब्रश विंचरते. मधाने ओलसर झालेले पराग ओट्यावर पडतात. सांधा मिटला की ओटा ते वर रेटतो आणि ते टोपलीच्या खालच्या तोंडातून आत जातात. टोपली वरून भरत नाही, खालून भरते. गोळ्यासकट माशी मिळाली तर गोळा सुईने उभा चिरून बघा, कधीकधी दोन फुलांचे दोन रंग थरांत दिसतात.

टोपली दिसत नसेल तर माशी राणी किंवा नर असेल. लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा हीसुद्धा माशीच, तिच्या मागच्या पायावरही दाट केस असतात, पण ते सगळीकडून, त्यात टोपलीचं खोलगट अंगण नाही. पानं गोल कापणाऱ्या माश्या तर पराग पोटाखालच्या केसांत नेतात, त्यांच्या पायात टोपली शोधण्यात वेळ घालवू नका.

पुढचा पाय टाकून देऊ नका. पावलाच्या पहिल्या तुकड्याच्या बुडाशी अर्धगोल खाच आहे, आतून बारीक दातांची, आणि नडगीच्या टोकाचा एक चपटा काटा तिच्यावर दारासारखा मिटतो. मिशी खाचेत घालून पाय ओढला की साफ. माशी नसेल तर मुंगळ्याच्या पुढच्या पायावर हीच सोय शोधा.

खणणारे, पोहणारे

कोकणात माडाला लागणारा गेंड्या भुंगा किंवा शेणातला कुठलाही भुंगा घ्या. पुढची नडगी चपटी, बाहेरच्या कडेला दाते. म्हातारा भुंगा खणून खणून दाते झिजवतो, त्यामुळे एकाच जातीच्या दोन नमुन्यांत दाते कमी-जास्त टोकदार दिसतात. शेण गोल करून ढकलणाऱ्या काही भुंग्यांच्या पुढच्या पायाला पाऊलच नसतं. ते तुटलं असं लिहू नका. बारीक बघा: तुटलेला सांधा उघडा, खड्ड्यासारखा दिसतो, मुळातच पाऊल नसेल तिथे नडगी गुळगुळीत संपते.

तळ्याच्या किड्यांसाठी चहाची मोठी गाळणी आणि पांढरी थाळी न्या. हाताने धरू नका, उताणा पोहणारा ढेकूण आणि मोठे पाणढेकूण कडकडून चावतात. उताण्या ढेकणाचे मागचे पाय वल्ही आहेत. पाण्यात ठेवले तरच त्यांची केसांची झालर पसरते, बाहेर काढली की पायाला चिकटते. म्हणून पोहणारे पाय नेहमी वॉच ग्लासात, म्हणजे काचेच्या उथळ वाटीत, पाण्याखाली बघायचे. पाण्यावर सरकणारा किडा उथळ पाण्यात उन्हात बघा, तळाशी प्रत्येक पायाखाली काळी गोल सावली पडते. पाणी तिथे फाटत नाही, खळगीसारखं दबतं. पाऊल मोठं करून बघितलं तर नख्या टोकाला नाहीत, जरा मागे आहेत. टोकाला असत्या तर पाण्यात टोचल्या असत्या.

पाणभुंग्यात पुढच्या पावलाचे पहिले तीन तुकडे गोल तबकडीसारखे रुंद झालेले दिसले तर तो नर. खालून बघा, चोषणाऱ्या चकत्या आहेत, मीलनाच्या वेळी मादीची गुळगुळीत पाठ धरायला.

पावलांचा हिशेब

भुंग्यांत पावलाचे तुकडे पुढच्या, मधल्या, मागच्या पायाला किती, ते आकड्यांत लिहितात. पिठातल्या लाल किड्याचा आकडा ५-५-४. सोंड्यांचा दिसतो ४-४-४, पण तिसऱ्या तुकड्याच्या दोन फाट्यांत चौथा इवला तुकडा लपलेला असतो, तेव्हा खरा ५-५-५. चार दिसले की पाचवा शोधायचाच. पिठातल्या लाल किड्याची पुढची मांडी खालून ४० पटीला बघा. तिथे केसांनी भरलेला छोटा खळगा असेल तर तो नर.

फुलपाखरांत आधी पाय मोजा. राज्य फुलपाखरू राणी पाकोळी सहा पायांवर उभी राहते. रुईवरचा बिबळ्या कडवा चारच पायांवर दिसतो. पुढचे दोन लहान होऊन छातीशी ब्रशासारखे मिटलेत. तुटलेले नाहीत.

कोळी: सात भाग, आणि दोन खोटे पाय

कोळ्याच्या पायाला मांडी आणि नडगीच्या मध्ये एक जादा भाग असतो, पटेला, म्हणजे गुडघ्याची वाटी. पुढे नडगी, मग मेटाटार्सस, म्हणजे पावलाआधीचा भाग, आणि टार्सस. कॉक्सापासून मोजले की सात. कीटकाची सवय ठेवून मोजलं तर पटेलाला नडगी म्हणाल आणि पुढचं प्रत्येक नाव एकाने घसरेल.

दुसरी चूक दहा पाय मोजण्याची. तोंडाजवळचे दोन म्हणजे पेडिपाल्प, त्यांना मेटाटार्सस नसतो, भाग सहाच. त्यांची टोकं मुठीसारखी फुगलेली असतील तर नर. फुगलेली आहेत पण आत गुंतागुंत दिसत नाही, म्हणजे शेवटची कात राहिलेला नर.

सर्वात सोयीचा नमुना म्हणजे कोळ्याची टाकलेली कात. भिंतीवर, पडद्यामागे, जुन्या जाळ्यात ती मिळते. पाय आतून रिकामे, पारदर्शक, सांधे आणि नख्या स्वच्छ.

टोकाकडे बघा. जाळं विणणाऱ्यांना बहुतेक तीन नख्या असतात, मधली लहान आकडी धागा धरते. उडी मारणाऱ्या कोळ्याला दोनच नख्या, खाली दाट केसांचा झुबका. तो काचेच्या पेल्यातून सहज वर चढतो. जाळ्यावरचा कोळी बेसिनमध्ये पडला की घसरत राहतो, त्याचं कारण हेच. घराच्या कोपऱ्यात आडवं जाळं विणणाऱ्या झोसिस कोळ्यात चौथ्या पायाच्या मेटाटार्ससवर वाकड्या केसांची रांग असते. त्या फणीने तो लोकरीसारखा धागा विंचरून काढतो. मादीच घ्या, नरात फणी बहुतेक झिजलेली किंवा नसलेली.

मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळतात, कारण काही मुख्य सांध्यांत पाय सरळ करणारे स्नायूच नाहीत. कोळी द्रवाच्या दाबाने पाय ताणतो, दाब गेला की वाकवणारे स्नायू जिंकतात. २०२२ मध्ये राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी मेलेल्या कोळ्यात सुईने हवा भरून त्याचा चिमटा करून दाखवला. वळलेले पाय मोजायचे असतील तर जबरदस्तीने ताणू नका, आधी एक रात्र अल्कोहोलमध्ये भिजवा.

पायांना पुढून I ते IV क्रमांक देतात आणि लांबीच्या उतरत्या क्रमाने आकडा लिहितात: १२४३ म्हणजे पहिला सर्वात लांब, तिसरा सर्वात आखूड. आलेखकागदावर मोजा. पण एकच पाय आखूड आणि बारीक दिसला तर समोरच्या बाजूचा त्याचा जोडीदार आधी बघा. कोळ्याचा पाय कॉक्सा आणि ट्रोकँटरमधून सहज सुटतो आणि पुढच्या कातीनंतर लहान होऊन उगवतो. तो बदललेला पाय नाही, नवा पाय आहे. पायाला लाल मणी चिकटलेले दिसले तर ती माइटची, म्हणजे कोळ्याच्या नात्यातल्या बारीक जिवाची, पिल्लं; आकृतीत त्यांना अवयव म्हणून काढू नका.

काचपट्टी करताना

स्नायू काढल्याशिवाय जाड पाय सूक्ष्मदर्शकात काळाच दिसतो. १० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड थोड्या पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर भरा. पदार्थ पाण्यात टाकायचा, पाणी पदार्थावर ओतायचं नाही. भांडं गरम होतं, हातमोजे आणि चष्मा लागतोच. अॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही.

झुरळाचा पाय त्यात रात्रभर, माशीचा ३-४ तास. मधून मधून बघा. पाय तांबूस-पारदर्शक झाला की काढा, जास्त राहिला तर कवच पांढरं पडून नख्याही दिसेनाशा होतात. पाण्याने तीनदा धुवा, दुसऱ्या पाण्यात दोन थेंब व्हिनेगर. बोथट सुईने हलकं दाबून उरलेले स्नायू बाहेर काढा.

झटपट पट्टी हवी तर ग्लिसरीनचा थेंब, त्यात पाय, वर आच्छादन काच. जाड पाय असेल तर काच एका बाजूला कलते आणि तिथे चित्र अस्पष्ट दिसतं. काचेच्या दोन्ही बाजूंना फुटक्या आच्छादन काचेचे बारीक तुकडे आधाराला ठेवा. कडांना नेलपॉलिश लावा.

कायमची पट्टी करायची तर ३०, ५०, ७०, ९० आणि दोनदा १०० टक्के अल्कोहोल, प्रत्येकी १० मिनिटं, मग लवंगाचं तेल, मग डीपीएक्स, म्हणजे काच कायमची चिकटवणारा पारदर्शक चिकटा. तेलात पाय दुधाळ झाला म्हणजे पाणी राहिलंय, पुन्हा १०० टक्क्यात न्या. काच एका कडेने टेकवून हळू सोडा, सपाट टाकली तर बुडबुडे अडकतात. डीपीएक्सचा वास बाधतो, खिडकी उघडी ठेवा. पट्ट्या आठवडाभर आडव्याच वाळवा, उभ्या ठेवल्या तर पाय घसरून कडेला जातो. आणि चिठ्ठी त्याच दिवशी चिकटवा: किडा, ठिकाण, तारीख, कितवा पाय, डावा की उजवा, कोणती बाजू वर.